दागिना ठेवावा कोठे?

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? कुंडलिका नदीच्या एका काठावर जुने जालना आणि दुसऱ्या काठावर कादराबाद, असे हे जोडगाव. धान्य, कापूस, सूत, कापड यांच्या उलाढालीवर ते शतकानुशतके पोसले. गाव श्रीमंत होते, एवढे म्हण सांगते. पण तिच्यात एक प्रश्न दडला आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. पाळण्यात सोने होते हे खरे. पण रात्री दिवा मालवल्यावर ते सोने ठेवीत कोठे?

प्रश्न अगदी घरगुती आहे. इतिहासाच्या ग्रंथांत लुटीचे आकडे सापडतात, खंडणीचे करार सापडतात, तहाची कलमे सापडतात. लुटीपूर्वी त्या वस्तू कोणत्या मडक्यात होत्या, कोणत्या देवळीत होत्या, त्यांची जागा घरातील किती माणसांना ठाऊक होती, हे मात्र इतिहासकार बहुधा सांगत नाही. तरीही राज्ये कशी चालली हे जसे किल्ल्यांवरून कळते, तसे माणसे कशी जगली हे त्यांच्या डब्याकुलुपांवरून कळते. दागिना ठेवण्याची जागा म्हणजे त्या घराने आपल्या काळावर किती विश्वास टाकला होता, याचे मापच होय.

आपल्या प्रदेशात दागिना ठेवण्याच्या जागा मुख्यत्वे चार दिसतात. पहिली भूमी, दुसरी भिंत, तिसरी स्वतःचे अंग आणि चौथी दुसऱ्याचा विश्वास. या चारही जागांचा इतिहास आपल्या जिल्ह्याच्या परिसरात सापडतो आणि त्यातल्या चौथीची कसोटी तर खुद्द जालन्यातच लागली.

आरंभ भोकरदनपासून करू. आजचे भोकरदन हे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना देणग्या देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनचे रहिवासी आढळतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावचा माणूस मध्य हिंदुस्थानापर्यंत जाऊन दानधर्म करण्याइतका सुखवस्तू होता. येथे नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले. रंगीत दगडांचे मणी, काचेचे मणी, शंखाच्या बांगड्या अशा वस्तू तेथे मिळाल्या. हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भागही मिळाला. इटलीतील पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. भोकरदनची मूर्ती आणि तेर येथील मूर्ती या दोन्ही तिच्या जातकुळीच्या दिसतात. म्हणून पाँपेईची ती दागिन्यांनी मढलेली स्त्री आपल्याच दख्खनच्या कारागिरांनी घडविली असावी, असे काही विद्वानांना वाटते. ते मत कोणास पटो वा न पटो, त्या काळी या भागात दागिना घडत होता, विकला जात होता आणि अंगावर मिरवला जात होता, यात शंका नाही.

त्या काळची संपत्ती आज आपल्या हाती येते ती बहुधा जमिनीतून. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उठवली होती. वऱ्हाडात तऱ्हाळे येथे १९३९ साली सातवाहनांच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा साठा मिळाला. नाण्यांचा अभ्यासक असे साठे पाहून हरखतो, आणि ते योग्यच आहे. राजांचा क्रम लावायला त्याला दुसरे इतके चांगले साधन नाही. पण घरगुती दृष्टीने पाहिले तर या साठ्यांचा अर्थ वेगळा आहे. ज्याने पुरले तो परत आला असता, तर ते आपल्याला सापडलेच नसते. जमिनीत सापडलेले प्रत्येक धन म्हणजे कोणाचे तरी फसलेले परतणे आहे. पुरणारा मेला असेल, परागंदा झाला असेल, किंवा त्याने जागा कोणालाच सांगितली नसेल. भूमी विश्वासू खरी. पण ती मुकी आहे. ती चोराला सांगत नाही, तशीच मुलालाही सांगत नाही.

याच परिसरातली दुसरी कथा वेरूळची. मालोजी भोसल्यांना देवीचा दृष्टांत झाला, वारुळाखाली धन सापडले आणि ते त्यांनी चांभारगोंद्याच्या, म्हणजे श्रीगोंद्याच्या, शेषो नाईक पुंडे या सावकाराकडे ठेवले, असे बखरी सांगतात. दृष्टांताचा भाग श्रद्धेचा म्हणून बाजूला ठेवू. कथेतला व्यवहार मात्र मोलाचा आहे. जमिनीतले धन जमिनीत राहिले असते तर भोसल्यांच्या घराला त्याचा उपयोग शून्य. ते सावकाराकडे गेले तेव्हा त्यातून घोडे आले, माणसे आली, देवळे-तळी झाली. म्हणजे पहिल्या जागेवरून धन चौथ्या जागी गेले, भूमीतून विश्वासात गेले, तेव्हाच ते कामाला लागले. बखरकाराने हे तत्त्व म्हणून सांगितलेले नाही. पण त्याच्या कथेत ते आहे.

आता घरात येऊ. मराठवाड्यातले जुने घर माळवदाचे. जाड मातीच्या किंवा दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर चिपा टाकून मातीचे धाबे. भिंत इतकी जाड की तिच्या पोटात जागा काढता येई. दिवा ठेवायला देवळी, भांड्याकुंड्यांना फडताळ आणि धान्यासाठी बळद. बळद म्हणजे भिंतीच्या पोटातली किंवा दोन भिंतींमधली पोकळी. वरून धान्य ओतायचे आणि खालच्या तोंडातून काढायचे. अंगणात किंवा गढीच्या आवारात जमिनीखाली पेव. माजघरात मडक्यांची उतरंड. खाली मोठा रांजण, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. याखेरीज देवघर, चुलीची बाजू, उंबरठा, गोठ्यातली गव्हाण.

या यादीकडे जरा लक्षपूर्वक पाहा. यातली एकही जागा दागिन्यांसाठी बांधलेली नाही. सगळ्या धान्याच्या, दिव्याच्या, देवाच्या, गुरांच्या आहेत. हीच त्यांची खुबी. उतरंडीतल्या चौथ्या मडक्यात हरभऱ्याच्या डाळीखाली पुतळ्यांची माळ आहे, हे परक्याला कसे कळावे? त्यासाठी प्रत्येक मडके उतरवावे लागेल आणि उतरंड उतरवताना आवाज होतोच. बळदात ज्वारीखाली सोडलेले गाठोडे काढायला सारे धान्य उपसावे लागेल आणि चोराला तेवढी सवड नसते. म्हणजे लपवण्याची कला जागेत नव्हती, ती वेळेच्या हिशेबात होती. चोराचा वेळ कमी आणि घरच्या माणसाचा वेळ भरपूर. या विषमतेवर सारी रचना उभी होती. ही रचना कोणा शिल्पशास्त्राने शिकवलेली नव्हती. ती घरातल्या स्त्रियांनी रोजच्या कामातून बसवली होती, कारण कोणते मडके केव्हा रिकामे होते आणि बळदात ज्वारी कुठवर आली आहे, हे फक्त त्यांनाच ठाऊक असे.

परंतु वेळ भरपूर असलेला लुटारू आला की ही रचना कोसळे. १६६४ च्या जानेवारीत सुरत लुटली गेली, तेव्हा तेथल्या एका अतिश्रीमंत व्होरा व्यापाऱ्याच्या घराची जमीनही खणली गेली आणि त्या घरातून अठ्ठावीस शेर मोठे मोती व इतर रत्ने निघाली, असे त्या वेळच्या युरोपीय वखारवाल्यांच्या कागदांत नमूद आहे. सैन्याला चार दिवस मिळाले की भूमी आणि भिंत या दोन्ही जागा निरुपयोगी ठरतात, हा धडा त्या वेळच्या व्यापारी जगाने चांगलाच गिरवला असला पाहिजे. जालन्याच्या व्यापाऱ्यांनी पुढे जे केले ते या धड्याच्या प्रकाशात पाहावे लागते.

साल १६७९, महिना नोव्हेंबर. दिलेरखान विजापूरवर चालून गेला होता आणि त्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराज मोगली मुलखात घुसले होते. औरंगाबादेला शहजादा मुअज्जम बसला होता आणि तेथून सुमारे साठ किलोमीटरवर जालनापूरची श्रीमंत पेठ होती. महाराजांनी ती पेठ चार दिवस लुटली. परतताना रणमस्तखानाने वाट अडवली, लढाई झाली, सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाईकाने आडवाटेने फौज काढून पट्टा किल्ल्यावर नेली आणि महाराजांच्या तेथल्या विसाव्यावरून त्या किल्ल्याला विश्रामगड हे नाव मिळाले. सभासदाने आपली बखर १६९७ साली लिहिली. जालनापूरची लूट आणि परतवाटेवरची लढाई तीत येते.

आपल्या विषयाला उपयोगी पडणारी हकीकत मात्र खाफीखानाची आहे. जालन्याच्या बाहेर एका बागेत सय्यद जान महंमद नावाचे साधुपुरुष राहत. गावातल्या पुष्कळ श्रीमंतांनी आपला पैसा व जडजवाहीर घेऊन त्यांच्या मठाचा आसरा घेतला. पेठेत अपेक्षेइतका माल मिळेना, आणि माल कोठे आहे हे कळले, तेव्हा शिपायांनी त्या आवारात शिरून आश्रितांना लुटले. साधूने शाप दिला आणि पुढे पाच महिन्यांनी, ३ एप्रिल १६८० रोजी, महाराजांचे निधन झाले तेव्हा लोकांनी त्याचा संबंध या शापाशी जोडला, असे खाफीखान म्हणतो. तो या घटनेनंतर अनेक वर्षांनी लिहीत होता आणि मोगल पक्षाचा होता, हे विसरून चालणार नाही. शापाची कथा इतिहासाच्या ताजव्यात तोलता येत नाही. ती बाजूला ठेवणेच बरे. पण याच खाफीखानाने आपल्या ग्रंथात दुसरीकडे असेही लिहून ठेवले आहे की मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांना उपद्रव देऊ नये असा महाराजांचा कडक नियम होता. विरोधी पक्षाच्या लेखकाने दिलेली ही कबुली आहे, म्हणून ती वजनदार आहे.

या दोन विधानांना एकत्र ठेवले की जालन्याच्या सावकारांचा हिशेब उलगडतो. ते घाबरून वाट फुटेल तिकडे पळाले नव्हते. त्यांनी विचार केला होता. जमीन खणली जाते, हे सुरतेने दाखवले होते. भिंती फोडल्या जातात. अंगावरचे तर सर्वात आधी जाते. पण हा राजा धर्मस्थळाला हात लावीत नाही, ही कीर्ती सर्वत्र पसरली होती; सुरतेतही ख्रिस्ती पाद्र्यांच्या मठाला त्याने धक्का लावला नव्हता, असे बर्निये हा फ्रेंच प्रवासी लिहितो. तेव्हा शत्रूच्या सद्गुणालाच आपली तिजोरी करावी, असे त्यांनी ठरवले. दागिने ठेवण्याची याहून कल्पक जागा आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल!

ही जागा फसली का? माझ्या मते तिला दोन कारणे आहेत आणि ती दोन्ही आजही लागू पडतात. पहिले असे की पावित्र्य साधूचे होते, सावकाराच्या गाठोड्याचे नव्हते. दुसऱ्याच्या पुण्याईत आपली संपत्ती ठेवली म्हणून ती संपत्ती पवित्र होत नाही. उलट साधूची जागाच पेठेचा भाग होऊन बसते. मठात एक भुकेला शिरला तर तो आश्रित. पण साऱ्या गावचे जवाहीर शिरले की तो मठ जामदारखाना झाला. दुसरे कारण याहून साधे आहे. सगळ्यांनी एकच जागा निवडली. उतरंडीतले मडके सुरक्षित होते, कारण कोणत्या घरात कोणते मडके हे कोणास ठाऊक नव्हते. मठात मात्र एका पत्त्यावर सारे गाव सापडले. विखुरलेले असताना जे शोधायला चार दिवस पुरले नसते, ते एकत्र आल्यावर एका प्रहराचे काम झाले.

दुसऱ्याकडे ठेव ठेवण्याचा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांनीही बारकाईने हाताळला आहे. मोजून, दाखवून दिलेली ठेव म्हणजे निक्षेप आणि बंद पेटीत, आत काय आहे हे न सांगता दिलेली ती उपनिधी. हा भेद आपल्याकडे जुना आहे. याज्ञवल्क्य सांगतो की राजाने नेले, दैवाने गेले किंवा चोरांनी पळवले, तर ठेव सांभाळणाऱ्याकडून भरपाई घेऊ नये. मात्र मालकाने मागूनही त्याने दिली नाही आणि मग ती गेली, तर त्याने भरपाई द्यावी आणि तितकाच दंडही भरावा. याज्ञवल्क्यस्मृतीवरील प्रख्यात टीका ‘मिताक्षरा’ विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याच्या शेजारचेच. राजा, दैव आणि चोर या तिघांपुढे ठेवकरी निर्दोष, हे सूत्र ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काय झाले ते पाहायचे आहे.

तिसरी जागा अंगाची. दागिना अंगावर घालणे ही हौस आहे, तशीच ती साठवणही आहे. मंठा, परतूर, अंबड या भागातल्या तांड्यांवर जुन्या वळणाच्या बंजारा स्त्रीकडे पाहिले म्हणजे हे पटते. केसांत गुंफलेली चांदीची घुगरी आणि टोपली, दंडापर्यंत चढलेल्या बांगड्या, गळ्यात नाण्यांच्या माळा. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून जो समाज पिढ्यान् पिढ्या वाटेवर राहिला, त्याने बळद बांधावे कोठे आणि उतरंड रचावी कोठे? त्याचे फडताळ म्हणजे त्या स्त्रीचे अंग. चालता चालता ती आपल्या घराचा ठेवा घेऊन चालत होती. गावातल्या पुरुषांचीही हीच तऱ्हा. वाटेला निघालेला व्यापारी कमरेला हसबी बांधी, कनवटीला मोहरा लावी. स्त्रीच्या बटव्यात सुपारीखाली नथ सापडे.

पण अंग ही जागा जितकी जवळची तितकीच धोक्याची. १८०३ साली इंग्रज आणि मराठे यांच्या युद्धाचा वणवा याच भूमीवर पेटला. सप्टेंबरच्या आरंभी स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला भोकरदनजवळच्या असईच्या रणावर वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांची घनघोर लढाई झाली. युद्धानंतर मोकळ्या झालेल्या स्वारांच्या टोळ्या आणि पेंढारी यांनी पुढची पंधरा वर्षे दख्खनला सुखाची झोप लागू दिली नाही. पेंढाऱ्यांची रीत सर्वश्रुत आहे. घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख आणि मिरच्या घालून तो माणसाच्या तोंडाला बांधायचा आणि पाठीवर मारायचे, म्हणजे श्वासाबरोबर राख आत जाई. हे सारे कशासाठी? एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी: ‘माल कोठे ठेवला आहेस?’ १८१६ साली गुंटूरच्या मुलखात त्यांनी बारा दिवसांच्या आत ३३९ गावे लुटली. त्यात १८२ माणसे ठार झाली आणि ३,६०३ माणसांचा छळ झाला, अशी इंग्रजी दप्तरातली मोजणी आहे. मेलेल्यांच्या जवळजवळ वीसपट छळलेले! जमिनीने आणि भिंतीने राखलेले गुपित माणसाच्या देहातून काढून घ्यायचे, असा तो हिशेब होता. गुपित ज्याला ठाऊक, तोच मग तिजोरी होतो आणि फोडतात ती त्यालाच.

म्हणून शांततेचे राज्य ही दागिन्यांची खरी पेटी. पेंढारी मोडले, जालन्याला छावणी झाली, १९०० साली मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाली आणि जालन्याचा कापूस गाडीने मुंबईकडे निघाला. त्याच सुमारास मुंबईत लोखंडाचे युग उघडले. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलुपे करायला आरंभ केला, १९०२ साली तिजोरी केली आणि १९२३ साली त्यांच्या कारखान्यातून पोलादी कपाटे निघू लागली. पुढे ते कपाट मराठी लग्नाच्या यादीत जाऊन बसले. यात एक मोठा पालट झाला, तो फारसा कोणी टिपला नाही. शतकानुशतके दागिन्यांची जागा म्हणजे दागिन्यांची न वाटणारी जागा असे. आता प्रथमच सामान्य घरात दागिन्यांसाठीच केलेली आणि तशी स्पष्ट दिसणारी जागा आली. लपवण्याची विद्या गेली, अडवण्याची आली.

या शांततेलाही खळ पडले. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीने मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाची सत्ता संपली. घर सोडताना तिजोरीचा काय उपयोग? ती उचलून नेता येत नाही. पोलादाने चोराला अडवले, पण परागंदा होणाऱ्या घरधन्यालाही ते मदत करू शकले नाही. अशा घडीला पुन्हा जुन्याच जागा उरतात: भूमी, अंग, आणि शेजाऱ्याचा विश्वास.

त्यानंतर आली बँक. हैदराबाद स्टेट बँक १९४१ साली स्थापन झाली, पुढे तिची स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर तालुक्यांच्या गावी शाखा निघाल्या आणि लॉकर हा शब्द मराठी घरात रुळला. पण लॉकर म्हणजे तरी काय? बंद पेटी, आत काय आहे हे सांभाळणाऱ्याला ठाऊक नाही. म्हणजे आपली जुनी उपनिधीच! आणि वादही जुनाच: चोरी झाली तर भरपाई कोणी द्यायची? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांना स्पष्ट बजावले की लॉकरच्या बाबतीत त्यांना हात झटकता येणार नाहीत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने केलेले नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या नोकराने केलेली लबाडी यांमुळे नुकसान झाले, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. भूकंप, पूर अशा आपत्तीत, बँकेची हयगय नसेल तर, ती नाही. याज्ञवल्क्याच्या यादीतून चोर वगळला गेला, दैव मात्र तेथेच राहिले. आणि शंभर पटी ऐकून हुरळून जाऊ नये. भाडे दोन हजार असेल तर ती रक्कम दोन लाख होते. आत दहा लाखांचे सोने असले तरी दोनच लाख.

जागेचा इतिहास येथवर झाला. आता पेटीच्या आतला थोडा विचार करू, कारण ठेवणे म्हणजे नुसते दडवणे नव्हे. आपल्या आज्यांच्या फणेरपेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा यांना जसे वेगवेगळे कप्पे, तसे दागिन्यांनाही हवेत, आणि त्याला कारणे आहेत. बावीस कॅरेटचे सोने मऊ असते. हिऱ्याच्या कुड्या आणि बोरमाळ एका डबीत टाकल्या तर हिरा सोन्यावर ओरखडे काढतो. मोत्यांची नथ वेगळ्या डबीत कापसावर ठेवावी. घाम आणि अत्तर यांनी मोत्यांचे पाणी जाते, म्हणून ती सर्वात शेवटी घालावी, सर्वात आधी काढावी आणि मऊ कापडाने पुसून ठेवावी. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. रबराच्या पट्ट्या तिच्याजवळ ठेवू नयेत, कोरड्या कापडात गुंडाळावी. सराफ दागिना गुलाबी कागदात देतो, त्या एका दागिन्याला एक पुडी या शिस्तीतच अर्धे शहाणपण आहे. साखळ्या आणि पोती एकत्र टाकल्या की गुंता होतो आणि गुंता सोडवताना कडी तुटते. वज्रटीक, ठुशी अशी गळ्यालगतची लेणी आडवी पसरून ठेवावीत. मोडपत ठेवली की त्यांचे गोफ आणि दोरे जातात.

कप्प्यांपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे याद. जुन्या घराण्यांच्या दप्तरांत मोडीतल्या दागिन्यांच्या यादी सापडतात. नग किती, वजन तोळे-मासे-गुंजांत किती, कोणाच्या लग्नात आला, हे सारे त्यांत असते. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा म्हणजे आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. बाजारात आज दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, म्हणून आजीच्या यादीतले दहा तोळे आणि आजच्या सराफाचे दहा तोळे यांत साडेसोळा ग्रॅमांचा फरक पडतो. भावांच्या वाटण्यांत एवढ्या फरकावरून मने दुभंगू शकतात. याद लिहावी, तीत माप लिहावे, आणि ती दागिन्यांच्या पेटीत न ठेवता अन्यत्र ठेवावी. जोगळटेंभीच्या त्या अनामिकाने तेवढे केले असते, तर त्याचे धन त्याच्या नातवंडांना मिळाले असते. नाणेशास्त्राचे तेवढे नुकसान आपण सोसले असते! आजही घर पाडताना, पाया खणताना असे धन निघाले तर ते आपले म्हणून ठेवून घेता येत नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे, दहा रुपयांहून अधिक मोलाचे असेल तर, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

शेवटचा मुद्दा किल्लीचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दागिना स्त्रीच्या अंगावर असतो, पण तो ठेवण्याची जागा कोणाच्या ताब्यात असते? आपल्या शास्त्रांनी स्त्रीधन ही संकल्पना मानली. माहेरचे, सासरचे, प्रीतीने दिलेले, ते तिचे. नवऱ्याने दुष्काळासारख्या संकटात वापरावे, एरवी नव्हे. व्यवहारात मात्र किल्ल्यांचा जुडगा ज्याच्या कमरेला त्याचे धन असे चालत आले. लग्न झाले की ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून दागिने सासूच्या कपाटात जात आणि पुढे ते दीराच्या धंद्यात किंवा नणंदेच्या लग्नात गेले तरी सुनेने विचारू नये, अशी रीत. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितले की स्त्रीधनाची संपूर्ण मालकी स्त्रीची आहे. सासरच्यांनी ते ठेवले तर ते केवळ विश्वस्त म्हणून, आणि मागूनही न दिले तर तो विश्वासघाताचा गुन्हा. याज्ञवल्क्याचे ‘मागूनही न दिले तर’ हे शब्द येथे पुन्हा भेटतात. फरक एवढाच की तेव्हा ते सावकाराला उद्देशून होते आणि आता घरच्या माणसांना.

तेव्हा ज्या श्रोत्यांच्या घरी पेटी आहे, आणि सोन्याच्या पाळण्यात वाढलेल्या या गावात ती कोणाकडे ना कोणाकडे असणारच, त्यांनी आज घरी गेल्यावर नवे कुलूप शोधण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. सारे एकाच जागी तर नाही ना? कोठे काय आहे हे घरातल्या निदान दोन माणसांना ठाऊक आहे ना? आणि जिच्या नावाचे आहे, तिच्या हाती किल्ली आहे ना? पहिला प्रश्न जालन्याच्या मठाने विचारलेला आहे, दुसरा जोगळटेंभीच्या साठ्याने. तिसरा प्रश्न मात्र बळदाजवळ उभे राहून पिढ्यान् पिढ्या ज्वारी उपसणाऱ्या बायकांचा आहे. जागा त्यांनीच शोधली होती, राखलीही त्यांनीच होती. विचारण्याची पाळी तेवढी त्यांच्यावर आली नव्हती.